सरस्वतीबाईंच्या जागेवरून

इंदिरानगर, बंगळूर
रविवार, ११ ऑक्टोबर १९९८

ती. अक्काला,

तुझ्या आणि आबांच्या पायांवर खंडूचं डोकं, नेहमीसारखं लांबूनच.

तुझं पत्र दसऱ्याच्या आधीच मिळालं होतं. पान जिथे संपतं तिथे कडेला तू पेन्सिलीने बारीक लिहिलेलं "दाखवलंस का?" तेही वाचलं. दर पत्रात ते असतं आणि दर वेळी मी ते न दिसल्यासारखं करतो. या वेळी उत्तर आहे, पण ते त्याच्या जागी येईल. तू हे पत्र आबांना ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांच्या वाट्याचं लिहितो. हा परिच्छेद गाळ आणि खालपासून वाच. पुढे एक आडवी रेघ मारली आहे, तिथे थांब.

आबा, ऐका. मी खुशाल आहे. जेवण सरस्वतीबाईंच्या हातचं, म्हणजे आमटीला सारू म्हणायचं आणि भातावर तूप न विचारता पडायचं. हॉटेलचं काम सोडून एस. पी. रोडवर काँप्युटर जुळवून देणाऱ्या दुकानात लागलो, हे मागे लिहिलं होतं. अजून तिथेच आहे. तुम्ही म्हणाल, अजून? हो. एक पावसाळा हंपी, एक उन्हाळा रामेश्वर, मग मंगळूरचा फोटो स्टुडिओ, असं करत आलेला माणूस एका गावात टिकला याचं मलाही नवल वाटतं.

राहायला सरस्वतीबाई आणि सुब्बाराव यांच्या गच्चीवरची खोली आहे. माणसं मराठीच, पण इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आलेली, की घरात मराठी बोलतात आणि रागावतात कानडीत. सुब्बाराव कारखान्यातून निवृत्त झाले, आता दिवसभर स्कूटर पुसतात. सरस्वतीबाई माझ्या आजीच्या वयाच्या, तरी मला अण्णा म्हणतात. इथे भाजीवाल्यालाही अण्णाच म्हणतात, त्यामुळे हुरळून जाण्यासारखं त्यात काही नाही.

खालच्या खोलीत स्मिता नावाची पुण्याची मुलगी पेइंग गेस्ट म्हणून राहते. अक्का, भुवई वर नेऊ नकोस, तिचं लग्न ठरलेलं आहे. ती कोरमंगलाला एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आहे आणि ऑफिसने तिला घरी काम करायला लॅपटॉप दिलाय. आबा, लॅपटॉप म्हणजे घडीचा काँप्युटर. तुमच्या ब्रशांच्या पेटीसारखा उघडतो आणि झाकणाच्या आतच पडदा असतो. तिला त्यावर लिनक्स घालून हवं होतं. काँप्युटर ज्याच्यावर चालतो ती ही व्यवस्था, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि भंडाऱ्यातल्या महाप्रसादासारखी कुणालाही वाढलेली. दुकानात त्याच्या नादी लागलेला मी एकटाच, म्हणून ते माझ्या गळ्यात आलं. टेबलावरचे मोठे काँप्युटर मी पुष्कळ जुळवले होते. लॅपटॉपला मात्र हात पहिल्यांदाच लावत होतो.

लिनक्स बसलं. पण चित्र पडद्याच्या मधोमध एवढंसं आलं, आणि चारी बाजूंनी काळी चौकट. स्मिता म्हणाली, "राहू दे रे, काम होतंय ना. मी मॅनेज करीन." मला ते राहू देववेना.

पडदा केवढा आहे, त्यावर चित्र किती वेगाने रंगवायचं, हे लिनक्सला एका फाइलीत आकड्यांनी सांगावं लागतं. या पडद्याचे आकडे काही कुठे छापलेले सापडले नाहीत. मग अंदाज. सीडीवर मदतीची इंग्रजी पानं होती, त्यात एक इशारा होता, की चुकीचे आकडे दिले तर पडदा जळू शकतो. डिक्शनरी काढून परत वाचलं, अर्थ तोच निघाला. तरी आकडा बदलायचा, चित्र सुरू करायचं आणि एक डोळा मिटून बघायचं, असं चाललं होतं. कधी चित्र पाघळायचं, कधी नुसत्या आडव्या रेघा, कधी शेजारी शेजारी दोन दोन चित्रं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते काठोकाठ भरलं. मी ओरडलो असणार, कारण सुब्बाराव स्कूटरचं फडकं हातात घेऊनच आत आले. बघून म्हणाले, "आता बरं. रंगवायचं तर कडेपर्यंत." आबा, हे तुमचंच वाक्य. मी त्यांना सांगितलं, की आमच्या आबांनी अख्ख्या गडहिंग्लजच्या दुकानांचे बोर्ड रंगवलेत.

खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणतात, आणि ती विळ्या-कोयत्यावर भागत नाही. बसला केळीचे खुंट बांधतात, ऑटोच्या चाकाखाली लिंबू चिरडतात, रस्ताभर फोडलेले कोहळे. आमच्या दुकानाचा मालक अशाच एका कोहळ्यावरून घसरला आणि पडल्या पडल्या त्याने देवाला हात जोडले, लोकांना वाटलं भक्ती. असो. सरस्वतीबाईंनी पाटावर सगळं मांडलं होतं. शिलाई मशीन, मिक्सर, सुब्बारावांचे पाने, टेलिफोन, माझा वीज मोजायचा मीटर आणि हा लॅपटॉप.

स्मिता म्हणाली, "काकू, याच्या झाकणालाच कुंकू लावा हं, बास."

"तोंड झाकून पूजा करतात व्हय ग? उघड की."

"आत पाणी गेलं तर?"

"पाणी कोण घालतंय. स्वल्प गंध."

उघडलाच शेवटी. स्वल्प म्हणजे कानडीत थोडं. सरस्वतीबाईंचं स्वल्प म्हणजे बिजागरीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली बोटं, वर कुंकू, वर शेवंती. पूजेनंतर आयुधाला दिवसभर विश्रांती, हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी फुलं उतरवली, ओल्या फडक्याने पुसून लख्ख केला, आणि स्मिताने बटण दाबलं.

पंखा फिरला. बारका हिरवा दिवा लागला. पडदा काळा. सुरू होताना कंपनीचं नाव येतं, तेही नाही.

"खंडू, परवा त्यात काय घातलंस तू?"

"आकडे."

"कसले?"

"अंदाजाने."

ती खुर्चीवर बसली. "ऑफिसचा आहे रे तो," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुकानातला मोठा पडदा आणून लॅपटॉपच्या मागे जोडला. त्यावर चित्र काठोकाठ. म्हणजे आतलं सगळं ठीक आणि फक्त पडदा गेला, तोही मी दिलेल्या आकड्यांनी. जुने आकडे परत घातले. लिनक्स काढून परत घातलं, फरक पडेना म्हणून शेवटी माझेच आकडे पुन्हा भरले. रविवारी मोठा पडदा दुकानात परत द्यायचा होता. तो काढण्याआधी मी ते इशाऱ्याचं पान पुन्हा एकदा उघडून वाचलं, ते आत तसंच उघडं राहिलं. मग लॅपटॉपच्या काळ्या पडद्यासमोर नुसता बसून राहिलो. सरस्वतीबाई खाली जमिनीवर, खिडकीच्या बाजूला गजरा ओवत होत्या.

"इतका वेळ काय शोधायलायस रे अण्णा?"

"पडदा मेलाय. काही दिसत नाही."

"दिसतंय की."

"काय?"

"अक्षरं. बारीक आहेत, मुंग्यांसारखी."

_______________

अक्का, रेघ आली. आबांना सांग दिव्याची वेळ झाली, उरलेलं मग. आणि आत जाऊन एकटी वाच.

मी पडद्याला नाक लावलं. काळं. डोकं मागे घेतलं. काळं. सरस्वतीबाईंचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी म्हणालो, "काकू, काही नाही हो त्यात." त्या म्हणाल्या, "आहे की. वरची ओळ लांब, खालची आखूड." आणि इशाऱ्याचं ते पान मला पाठ होतं. पहिली ओळ लांब आहे. दुसरी आखूड.

म्हणजे अक्षरं होती. आणि मला दिसत नव्हती.

आबांचं कसं सुरू झालं ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. आधी संध्याकाळी उंबऱ्याला ठेचा. मग बोर्डावरची शेवटची अक्षरं कडेला दाटीवाटीने बसायला लागली, आणि लोक म्हणायला लागले पेंटर हल्ली घाई करतो. मग एकदा जेवताना ते म्हणाले, दाराच्या फटीतून बघितल्यासारखं दिसतं, मधलं तेवढं, बाजूला काळं. स्मिताच्या पडद्यावरची ती काळी चौकट मला का राहू देववेना, ते आता तुला कळलं असेल. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात उतरू शकतं, दोन्ही पोरांना घेऊन या. तू गेलीस. तुझे डोळे चांगले निघाले. मी त्याच आठवड्यात ट्रकमध्ये बसून हंपीला गेलो.

तुम्हाला सगळ्यांना वाटतं माझ्या पायाला भिंगरी आहे. असेलही थोडी. पण मी बघून घेत होतो, अक्का. फट लहान व्हायच्या आत जेवढं आत कोंबता येईल तेवढं. हंपीला मी एका दगडी खांबापुढे दिवसभर उभा होतो, गाइडला वाटलं मी चोर आहे. रामेश्वरला समुद्र बघायचो आणि मनात म्हणायचो, हा लक्षात ठेव, हा रंग लक्षात ठेव. फोटो स्टुडिओत तेवढ्याचसाठी लागलो. कुठलीच जागा नीट आवडायच्या आत पुढे जायचं. दवाखाना सोडून सगळं बघितलं.

आणि लहानपणचं एक. दिवेलागणीला आबा मला अंगणात उभं करायचे, आपण तुळशीपाशी उभे राहून बोटं दाखवायचे. किती? दोन. किती? चार. एका संध्याकाळी मी म्हणालो, तीन. ते हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "असतील." त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. मला वाटलं खेळ संपला. खूप उशिरा कळलं, की त्या संध्याकाळी त्यांना त्यांचीच बोटं दिसली नव्हती.

तर त्या रविवारी मी उठून गच्चीवर गेलो आणि पिशवी भरायला लागलो. सुब्बाराव वाळलेलं फडकं न्यायला म्हणून वर आले. फडकं खालीच होतं.

"कुठली गाडी?" त्यांनी विचारलं.

"मिळेल ती."

"त्या मशिनीसाठी पळायलायस?"

"नाही."

"मग?"

मग मी सांगितलं. आबांचं, मिरजेचं, मुंग्यांसारख्या अक्षरांचं. कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो, त्यामुळे क्रम चुकला, मधेच मी रामेश्वरला गेलो आणि त्यांनी मला परत आणलं. ऐकून झाल्यावर त्यांनी माझी अर्धी भरलेली पिशवी बाजूला सरकवली. म्हणाले, "सरी," म्हणजे बरं, "पळायचंच आहे तर दवाखान्यापर्यंत मी सोडतो. तिथून पुढे तुला कुठे जायचं तिथे जा."

सोमवारी सकाळी त्यांच्या स्कूटरवरून गेलो. डोळ्यांत थेंब घातले. मग एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. एक डोळा झाकायचा, मधे बघत राहायचं, आणि कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. कधी वर चमके, कधी पार कानाकडे. आणि मधेच बराच वेळ काहीच नाही. मी घामाघूम. प्रत्येक वेळी वाटायचं, हा ठिपका आला होता आणि मी चुकवला. बाहेर येऊन मी डॉक्टरबाईंना आधीच सांगून टाकलं, "माझे पुष्कळ सुटले."

त्या म्हणाल्या, "सुटले नाहीत. तेव्हा ठिपका नव्हताच. मुद्दाम थांबतं ते."

त्यांनी दिवा लावून आत बघितलं, पुन्हा बघितलं, आबांचं सगळं विचारलं. सुब्बाराव कानडीत मधे मधे बोलत होते, जणू मी त्यांचाच. शेवटी बाई म्हणाल्या, "डोळे स्वच्छ आहेत. ते दुखणं असतं तर तुझ्या वयाला खूण दिसली असती. नाही आहे."

मी म्हणालो, "आणि अक्षरं?"

"कसली अक्षरं?"

सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण पुढच्या पेशंटचा कागद ओढता ओढता म्हणाल्या, "ते त्या काँप्युटरला विचार."

बाहेर आलो तर थेंबांमुळे सगळा रस्ता पांढराफेक. झाडं, बसगाड्या, माणसं, सगळ्याला उजेडाची झालर. पाणी थांबेना डोळ्यांचं. सुब्बारावांनी दोन कॉफ्या सांगितल्या, माझा पेला माझ्या हातात नीट धरवला, आणि माझी होईपर्यंत स्वतःची प्यायले नाहीत. मग विचारलं, "आता कुठली गाडी?"

"तुमचीच," मी म्हणालो.

पुढचं गमतीचं आहे. मंगळवारी सकाळी थेंब उतरले होते. सरस्वतीबाई देवपूजेत होत्या, म्हणून मी कॉफी घेऊन त्यांच्या जागेवर बसलो, खाली, खिडकीच्या बाजूला. टेबलावर तो काळा लॅपटॉप चालूच होता, बंद करायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. सहज वर बघितलं. अक्षरं. मुंग्यांसारखी. वरची ओळ लांब, खालची आखूड.

डोकं जरा हलवलं, गेली. परत आणलं, आली. खिडकीतला उजेड तिरका पडत होता आणि तेवढ्या एका कोनातूनच ती दिसत होती. समोर खुर्चीवर बसणाऱ्याला ती दिसलीच नसती. गरुडाचे डोळे असते तरी.

स्मिताला हाक मारली. "इथे बस."

"जमिनीवर? ऑफिसला निघालेय मी."

"बस ग."

ती बसली, तिरकी झाली, आणि हळूच म्हणाली, "अरे. पडदा चालू आहे. मागचा लाइट बंद आहे फक्त." पडद्याला स्वतःचा उजेड नसतो अक्का, त्याच्यामागे एक दिवा असतो. तो विझला, की चित्र असून दिसत नाही. मग आम्ही दोघं विचार करत बसलो, की दिवा आपणहून कधी विझतो. ती म्हणाली, झाकण मिटल्यावर. आणि झाकण मिटलंय हे त्याला कसं कळतं?

बिजागरीजवळ तिळाएवढं एक बटण निघालं. झाकण मिटलं की ते दाबलं जातं, उघडलं की वर येतं. ते खाली रुतून बसलं होतं, आणि त्याच्या भोवती वाळून दगड झालेलं पिवळं-तांबडं.

सरस्वतीबाई पूजेवरून उठून आल्या. चष्मा वर करून बघितलं.

"ते माझं गंध की."

"तुमचंच, काकू."

"अय्यो." मग बोटाने चाचपून म्हणाल्या, "इतके दिवस सुटलं नाही म्हणजे उगाळलं चांगलं होतं."

"काकू, अहो," स्मिता म्हणाली आणि तिला हसूच आवरेना. दसऱ्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

कापसाला स्पिरिट लावून मी ते सोडवलं. बटण टक् करून वर आलं आणि पडदा उजळला. चित्र काठोकाठ. माझे आकडे बरोबर होते, अक्का. त्या बिचाऱ्याला इतके दिवस वाटत होतं, आपलं झाकण मिटलेलं आहे. स्मिता तो उघडाच छातीशी धरून ऑटोत बसली, मिटायची तिची हिंमत होईना. सरस्वतीबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी फक्त फूल वाहते. सुब्बाराव म्हणाले, पुढच्या वर्षी तिला गंध उगाळायला देऊच नका. मग कानडीत भांडण झालं, त्यामुळे पुढचं मला समजलं नाही.

पुढच्या वर्षी असं दोघंही म्हणाले, मला धरूनच. पिशवी रिकामी करून खुंटीला लावली आहे. आता माझ्याकडे वेळ आहे, आणि त्याचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. काल इंदिरानगरच्या रस्त्याने नुसता चाललो. काही लक्षात ठेवलं नाही. एक गुलमोहर होता की दुसरंच काही झाड, तेही आठवत नाही. फार बरं वाटलं.

आता तुझं काम. आबांकडे परत जा आणि हे सगळं मोठ्याने वाच. रेघेखालचं, आणि सुरुवातीला गाळलेलंही. मला रेघ मारताना वाटत होतं, त्यांच्यापासून लपवावं. पण तू शाई थांबवून कडेला पेन्सिल चालवतेस, तेव्हा ते शेजारीच बसलेले असतात. पेन्सिलीचा आवाज पेंटरला कळत नाही असं होईल का? दर पत्राच्या शेवटी काय लिहितेस, ते त्यांना ठाऊक असणार. आणि पोराला आपल्याकडून काय मिळालं असेल, हे मनात घेऊन ते माझी पत्रं ऐकत असणार, हंपीचे दगड आणि रामेश्वरचं पाणी. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

या पानाच्या कोपऱ्यावर त्या बटणाभोवतीचं थोडं गंध चोळलं आहे. त्यांच्या बोटाला लागेल, वासही असेल अजून. म्हणावं, आबा, एवढंच होतं.

दिवाळीला येतो. सकाळची गाडी असते, पण मी दिवेलागणीला पोचणारी घेईन. आबांना तुळशीपाशी उभं कर. मी अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याच्या भिंतीशी उभा राहतो. त्यांना सांग बोटं दाखवायची, एका हाताची, दोन्ही हातांची, मनात येईल तितकी. न दिसो त्यांना. मी सांगेन किती आहेत, आणि ती तेवढीच असतील.

अंगणातून उत्तर द्यायला येणारा
तुमचा,
खंडू